पडद्यावरचा समुद्र

विहिरीत मुटका मारणारे पोर आपण सर्वांनीच पाहिले आहे. धप्प आवाज होतो, पाणी उडते आणि क्षणात खाली येते. आता पोराच्या जागी शंभर मीटर उंचीचा हिमकडा समुद्रात कोसळतो आहे, अशी कल्पना करा. पाणी तसेच उडेल का? उडेल, पण सावकाश. सिनेमातल्या समुद्राची सारी मेख या ‘सावकाश’मध्येच आहे.

हिशेब सोपा आहे. एक मीटर उंचीवरून वस्तू पडायला सुमारे ०.४५ सेकंद लागतात. शंभर मीटरवरून साडेचार. उंची शंभरपट, वेळ मात्र दहापट. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या लहान प्रतिकृती पाण्यातून ओढून हा वर्गमुळाचा नियम बोटींना लावून दाखवला.

१९८० सालच्या ‘रेझ द टायटॅनिक’ या चित्रपटासाठी ५५ फुटी बोट बांधली होती. मूळची बोट ८८२ फुटांची, म्हणजे सोळापट. सोळाचे वर्गमूळ चार. तेव्हा अशा बोटीचे चित्रण चौपट वेगाने करून ते नेहमीच्या वेगाने दाखवायचे, म्हणजे पाणी भारदस्त दिसते. पण थेंब फितूर होतो! बोट लहान केली म्हणून पाण्याचा पृष्ठताण बदलत नाही. पाच मिलिमीटरचा थेंब त्या बोटीशेजारी आठ सेंटिमीटरचा, चांगला मोसंब्याएवढा भासतो.

म्हणून संगणक आला. त्यात पाणी म्हणजे लक्षावधी कण. कणांनी वेग वाहून न्यायचा, चौकटींच्या जाळ्यावर दाबाचे गणित सोडवायचे आणि वेगातला फरक पुन्हा कणांना द्यायचा. ही रीत ब्रॅकबिल आणि रुपेल यांनी १९८६ साली मांडली. झू आणि ब्रिडसन यांनी २००५ साली ती चित्रनिर्मितीत आणली. ‘हूडिनी’सारख्या प्रणालीत एक एकक म्हणजे एक मीटर धरतात. कलावंताने सोयीसाठी बोट एका एककाची केली आणि गुरुत्वाकर्षण तेच ठेवले, की झालेच, घंगाळातली बोट!

बरे, बारकावा वाढवावा म्हटले तर कणांमधले अंतर निम्मे करताच कण आठपट होतात. सारा समुद्र असा कोण मोजणार? मग आघाताजवळचेच पाणी खरे मोजतात, दूरच्या लाटा निरनिराळ्या लहरींच्या बेरजेने रचतात, फेस आणि तुषार वरून वेगळे घालतात. सांधा दिसू न देणे, हे खरे कसब.

आणखी एक गोष्ट सहसा विसरली जाते. पाण्यावर आदळणारी वस्तू काही पाणी आपल्याबरोबर ढकलते, त्यामुळे तिचा वेग एकदम घटतो. फॉन कारमान यांनी १९२९ साली पाण्यावर उतरणाऱ्या विमानांसाठी हे गणित केले. पडद्यावर मात्र अजस्र प्राणी लोण्यात सुरी जावी तसा पाण्यात शिरतो, कारण त्याचा मार्ग आधीच ठरवलेला असतो. पाण्याने त्याला अडवायचे कसे?

त्यातून दिग्दर्शक म्हणतो, ‘जरा वेग वाढवा.’ वेग वाढवला की डोंगराचा दगड होतो, हे त्याला पटवणे आले. वस्तू बुडाल्यावर पाण्यात पोकळी पडते, ती मिटते आणि मधोमध पाण्याचा खांब उसळतो. वर्दिंग्टन यांनी शतकापूर्वीच त्याची छायाचित्रे घेतली. वस्तू जितकी मोठी तितका हा खांब उशिरा येतो, आणि नेमकी त्याच्या आधीच संकलकाची कात्री चालते.