मैदान राखणाऱ्याचे म्हणणे

खेळांविषयी बोलायचे म्हटले की आपण खेळाडूंविषयी बोलतो. ज्या जमिनीवर ते खेळतात ती कोणी राखली, हे विचारण्याचे आपल्या मनात येत नाही. मोठ्या शहरातल्या स्टेडियमवर या माणसाला क्युरेटर म्हणतात नि त्याच्या हाताखालच्यांना माळी. गावच्या शाळेत हेच काम शिपाई करतो, नाहीतर खेळाचे मास्तर. मैदानाचे पाणी, मैदानाची हद्द, मैदानावरचे मांडव यांविषयी कायदे होतात, हुकूम निघतात, ठराव होतात. पण ते होताना या माणसाला कोणी बोलावीत नाही, आणि तोही आपण होऊन जात नाही. त्याने जावे, असे मला आज सांगायचे आहे.

2016 सालचा उन्हाळा आठवा. लातूरला प्यायला पाणी उरले नव्हते. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरात पोचली. तिच्यात 5 लाख लिटर पाणी होते. त्याच दिवसांत मुंबई, पुणे आणि नागपूर येथे आयपीएलचे सामने व्हायचे होते, आणि त्यांच्या मैदानांवर पाणी पडत होते. लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. या सामन्यांच्या मैदानांना सुमारे 60 लाख लिटर पाणी लागेल असा आकडा त्या वेळी सर्वांच्या तोंडी होता. 13 एप्रिलला न्यायालयाने हुकूम दिला, की 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यावेत. पुढे पुण्याच्या 1 मेच्या एका सामन्याला सूट मिळाली, एवढेच. अंतिम सामना मुंबईला ठरला होता, तो 29 मे रोजी बंगळूरला झाला.

त्या हुकुमाला मी नावे ठेवीत नाही. घागर घेऊन रात्रभर रांगेत बसलेल्या बाईला हिरवेगार मैदान दाखवायचे, हे कोणत्याही राज्याला शोभणारे नाही. पण आकडा आहे तर तो दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवून पाहू. एक एकर उसाला पाटाने पाणी दिले तर वर्षाकाठी 80 लाख ते 1 कोटी लिटर लागते. म्हणजे ज्या पाण्यावरून साऱ्या देशात वाद पेटला, त्यात एक एकर ऊसही निघाला नसता. (ऊस लावणाऱ्या श्रोत्यांनी रागावू नये, हिशेब माझा नाही, पिकाचा आहे.) सामने हलले, पण तेवढ्याने पाण्याची वाटणी बदलली असे समजणे भाबडेपणाचे होईल.

आता त्या वादात मैदानाच्या माळ्याला विचारले असते, तर त्याने काय सांगितले असते? तो म्हणाला असता, साहेब, खेळपट्टी आहे बावीस यार्ड लांब नि दहा फूट रुंद. तिला लागते ते पाणी थोडे. काळ्या मातीला पाणी द्यायचे, वाफसा येऊ द्यायचा आणि मग रूळ फिरवायचा. वाफसा चुकला तर माती रुळाला चिकटते, नाहीतर भेगाळते. हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. खरे पाणी जाते ते सीमारेषेपर्यंतच्या हिरवळीला. आणि ही हिरवळ असते पुष्कळदा हरळीची! जी उपटता उपटता आपल्या कुणब्याचा जन्म जातो, तीच हरळी. पाणी तोडले तर ती पिवळी पडते, पण मुळे जिवंत असतात आणि पहिल्या पावसाबरोबर ती पुन्हा फुटते. तेव्हा मैदान महिनाभर पिवळे दिसले तर चालेल का, हा विचारण्याजोगा प्रश्न होता. टीव्हीवर ते बरे दिसणार नाही, हे खरे. पण खेळाला काय लागते आणि चित्राला काय लागते, यांतला फरक माळ्याखेरीज कोण सांगणार? वर्तमानपत्रांतून तो वाद वाचताना ही बाजू मला कोठे आढळली नाही. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरचे शुद्ध केलेले सांडपाणी मैदानांना वापरू, असे क्रिकेट मंडळाने न्यायालयाला सांगितले होते. ती गोष्ट चांगली होती, पण सांगितली गेली ती प्रकरण न्यायालयात गेल्यावर. दोन वर्षे आधी सांगितली असती तर ती योजना ठरली असती; तेव्हा ती सबब वाटली.

इंग्लंडात या लोकांची संघटना 1934 पासून आहे, आणि अमेरिकेतल्यांनी आपली 1981 साली काढली. तिथली मंडळी पाणी नि औषधफवारणी यांविषयी नियम होण्याच्या वेळीच सरकारकडे आपले म्हणणे मांडतात. इंग्लंडात तर 1996 साली असे ठरले, की खेळाच्या मैदानावर बांधकामाची परवानगी मागितली गेली तर स्थानिक संस्थेने आधी स्पोर्ट इंग्लंड या खेळांच्या संस्थेचे मत घ्यावे. मत मानलेच पाहिजे असे नव्हे. पण विचारायचे, हे ठरले.

आपल्या गावात काय आहे? शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. शाळेला काय काय असावे याची यादी त्याच्या परिशिष्टात आहे आणि तीत खेळाचे मैदान आहे. त्याच कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती शाळेचा विकास आराखडा करते. बहुतेक आराखड्यांत खोल्या असतात, संडास असतात, कुंपणाची भिंत असते. मैदानाविषयी "आहे" एवढा एकच शब्द! ते किती लांबरुंद, सातबारावर कोणाच्या नावावर, पावसाचे पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते, हे काहीच नसते. मग लग्नाच्या मांडवासाठी मेखा ठोकल्या जातात, ओल्या काळ्या मातीत ट्रक घातला जातो, आणि त्या चाकोऱ्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत पोरांचे पाय मुरगाळीत राहतात. मांडव घालू नये असे मी म्हणत नाही. गावाला दुसरी जागा कुठे असते? पण पावसाळ्यात गाडी आत नको, मेखा धावपट्टीबाहेर, आणि खड्डे बुजवून देण्याची अनामत आधी, एवढे तीन ओळींचे नियम ग्रामसभेला करता येणार नाहीत काय?

हे नियम सुचवणार कोण? सरपंचांना त्यातले ठाऊक नसते, ग्रामसेवकांना सवड नसते. मास्तरांनाच पुढे व्हावे लागेल, आणि जाताना माप बरोबर न्यावे लागेल. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब नि 10 मीटर रुंद. धूळ बसायला त्यावर पाच मिलिमीटर पाणी शिंपडले तर 650 लिटर होते, म्हणजे दोनशे लिटरची सव्वातीन पिंपे. टँकरवर जगणाऱ्या गावात हे पाणी पिण्याच्या वाट्यातून मागू नये, मागितले तर कोणी देणारही नाही. पण हातपाय धुण्याचे नि भांडी घासल्याचे पाणी एका खड्ड्यात साठवले, तर ते शिंपडता येईल. हे दुष्काळ पडण्यापूर्वीच ग्रामसभेत सांगितले, तर ऐन उन्हाळ्यात "मास्तर पाणी उधळतात" असे कोणी म्हणणार नाही.

1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर नि 26 जानेवारी या दिवशी ग्रामसभा भरवण्याची आपल्याकडे रीत आहे. विषयपत्रिका त्याआधी निघते. तेव्हा अर्ज आठ-पंधरा दिवस अगोदर द्यावा, सोबत मैदानाचा हाताने काढलेला का होईना नकाशा जोडावा, आणि पोच घ्यावी. सभेत उठून नुसते बोललेले पुष्कळदा इतिवृत्तात उतरत नाही.