ठोक्यांचीं नांवें

घड्याळ म्हटलें कीं भिंतीवरची तबकडी आणि तिचे कांटे डोळ्यांपुढें येतात. यंत्रांतील चिपेच्या पोटांत जें घड्याळ असतें, त्याला यांतलें कांहींच नसतें. तेथें क्लॉक म्हणजे विजेचा नियमित ठोका. मनगटी घड्याळांतला क्वार्ट्झ स्फटिक बहुधा सेकंदास ३२,७६८ ठोके देतो. चिपेंत त्याहून कितीतरी द्रुत ठोके भागून-गुणून निरनिराळ्या घटकांना पोंचविले जातात.

कोणता घटक कोठें आहे, हें लिनक्स या कार्यप्रणालीस पुष्कळदां आपोआप कळत नाहीं. त्यासाठीं डिव्हाइस ट्री नांवाचें वर्णनपत्र लिहितात. ही कल्पना ओपन फर्मवेअरच्या १९९४ च्या प्रमाणांतली. एआरएम यंत्रांत ती २०११ नंतर रूढ झाली. त्यांत घटकाचा ठोका कोठून येतो आणि त्यास काय म्हणावयाचें, अशा दोन नोंदी असतात.

नांव पुरविणाराचें द्यावें कीं घेणाराचें? नवखा लेखक तारेवर आधींच असलेलें नांव उचलतो. नियम नेमका उलट आहे. माहेरीं नांव कांहींहि असो, सासरीं सासरच्याच नांवानें हांक मारीत, तसें हें आहे. (ती रूढि बरी कीं वाईट, हा प्रश्न निराळा.) एआरएमचा पीएल०११ हा संदेशवाहक घटक अनेक कंपन्यांच्या चिपांत बसतो. त्याचा एक ठोका 'यूएआरटीसीएलके'. त्यावर संदेशाचा वेग ठरतो. दुसरा 'एपीबी_पीसीएलके', त्यावर घटकाच्या नोंदवह्या वाचतां येतात. हा दुसरा ठोका लिनक्स याच नांवानें मागते. एक अक्षर चुकलें, तर तार जागच्या जागीं असूनहि घटक उभा राहत नाहीं.

याहून फसवी चूक ऐच्छिक ठोक्यांची. नांव जुळलें नाहीं तरी चालक तक्रार करीत नाहीं, कारण आरंभींच्या प्रोग्रामनें ठोका चालूच ठेवलेला असतो. पुढें कोणीं न मागितलेले ठोके लिनक्स बंद करते, आणि क्षणापूर्वीं चालणारा घटक मुका होतो. बिघाड शोधणारा तारा तपाशीत बसतो. दोष मात्र शब्दांत असतो.

प्रसिद्ध झालेलें नांव सहसा बदलतां येत नाहीं, कारण जुनें वर्णनपत्र नव्या लिनक्सवरहि चाललें पाहिजे. यास्तव परीक्षक आतां म्हणतात, ठोका एकच असेल तर नांव देऊंच नये, आणि ठोक्यांच्याच यादींत 'सीएलके' हें शेंपूट कशाला? पीएल०११ च्या दोन्ही नांवांना तें आहे, आणि तें तसेंच राहणार.