गोष्टीत माहिती केव्हा द्यावी?



गोष्ट लिहायला बसलं, की पहिली अडचण येते ती माहितीची. गाव कोणतं, माणसं कोण, त्यांचं नातं काय, पूर्वी काय घडलं, हे वाचकाला सांगावं तर लागतंच. पण सगळं एकदम सांगितलं, तर गोष्ट सुरू होण्याआधीच वाचक कंटाळतो. दारी आलेल्या पाहुण्याला पाणी विचारण्याआधीच घराण्याची वंशावळ ऐकवावी, तसाच हा प्रकार.

समजा, आपल्याला पवनाकाठच्या रावेतची गोष्ट लिहायची आहे. हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आलं. शेतांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. एका आजोबांची जुनी विहीर आज बुजवायची आहे, आणि नातू त्यांच्याबरोबर आला आहे. एवढीच गोष्ट.

नवा लेखक काय करील? आधी गावाचा इतिहास सांगेल. मग मोट म्हणजे काय, नाडा कसला, धाव कशाला म्हणतात, हे समजावील. मग आजोबांचं वय आणि शेवटी, ‘आजोबांना फार वाईट वाटले.’ यात खोटं काहीच नाही. पण वाचकाला काही वाईट वाटत नाही.

आता दुसऱ्या रीतीनं पाहा. मुरुमाची गाडी विहिरीशी येते. आजोबा खालून चढणीवरून विहिरीकडे निघतात. पण पाठमोरे, दोन्ही हात पुढे धरून. नातू विचारतो, ‘‘आबा, असं उलटं का चालताय?’’

‘‘अरं, मोट वर आली, पाणी थारोळ्यात पडलं, की बैल मागं सरत विहिरीकडं यायचं. त्यांच्याकडं तोंड करून, कासरा ओढत मीबी असाच मागं सरायचा.’’

आणि गाडी रिकामी होते.

मंडळी, मोटेची माहिती इथंही आली. पण प्रश्न आधी पडला, उत्तर मागून आलं. भूक लागल्यावर वाढलेली भाकरी गोड लागते, तसंच माहितीचं आहे. आणि आजोबांच्या दुःखाबद्दल तर एक अक्षरही लिहावं लागलं नाही.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ साली पुस्तकरूपानं आली. तिच्यातला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत नव्यानंच आलेला आहे. त्याला काही ठाऊक नाही, म्हणून आपल्यालाही नाही. त्याला एकेक माणूस भेटतो, तशी आपल्यालाही वाडी कळत जाते. वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

एक चूक मात्र टाळावी. दोघांनाही ठाऊक असलेली गोष्ट त्यांनी एकमेकांना सांगू नये. ‘‘तुला माहीतच आहे, आपले वडील शेतकरी होते,’’ असं कोणता भाऊ भावाला म्हणतो? ते वाक्य वाचकासाठी घातलेलं आहे, हे लगेच उघडं पडतं.

याचा अर्थ सारंच लपवावं असाही नव्हे. कोण, कुठं, कोणाचा कोण, एवढं लवकर कळलं पाहिजे. नाहीतर वाचक अंधारात चाचपडतो. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करून मग आख्यानाकडे वळतात. पण तिथं श्रोता मुद्दाम येऊन बसलेला असतो. गोष्टीच्या वाचकाला मात्र आपणच धरून ठेवायचं असतं.

पूर्वी मोट म्हटलं की खेड्यातल्या पोरालाही ती दिसे. आज दहाव्या मजल्यावर वाढणाऱ्या मुलाला ती सांगावीच लागेल. म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून आता वापरात नसलेल्या एका वस्तूची माहिती आणायला सांगा. मग तिच्यावर गोष्ट लिहायला लावा. अट एकच, कुणीतरी विचारल्याशिवाय ती वस्तू समजावून सांगायची नाही. मुलं गोष्ट लिहायला शिकतील, आणि आजोबांना बोलायला एक निमित्त मिळेल.