झेंडूचे तेल : उपयोग आणि सावधगिरी



दसरा जवळ आला की पुसदच्या बाजारात झेंडूचे ढीग लागतात. पूजा आटोपली की तीच फुले उकिरड्यावर जातात. मग कोणीतरी विचारतो, "गुरुजी, याचे तेल काढता येईल का हो?" प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र जपून द्यावे लागते.

आधी एक गैरसमज दूर करू. आपण ज्याला सर्रास 'झेंडू बाम' म्हणतो, त्याचा या फुलाशी संबंध नाही. ते नाव जामनगरचे वैद्य झंडू भट्टजी यांच्यावरून पडले.

झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. अत्तराच्या व्यापारात जे तेल चालते, ते मुख्यत्वे बारीक फुलांच्या रानझेंडूचे. हिमाचल आणि काश्मीरकडे फुलोऱ्यातले झाड भट्टीत घालून वाफेने ते काढतात. हाराच्या फुलांतून मिळणारा पिवळा रंग, ल्युटीन, ही निराळीच वस्तू. कोंबड्यांच्या खाद्यात तो घातला की अंड्याचा बलक गडद होतो. शिवाय बाटलीवर 'मेरीगोल्ड' असले, तरी आत कॅलेंडुला नावाच्या दुसऱ्याच झाडाचा अर्क असू शकतो. तेव्हा शास्त्रीय नाव वाचावे. झेंडूचे नाव 'टॅजेटिस'.

आता सावधगिरी. या तेलात अल्फा-टरथायनिल नावाचे द्रव्य असते. ते कातडीवर असताना ऊन लागले, तर कातडी भाजल्यासारखी लाल होते. युरोपीय संघाने 2018 साली नियम केला : अंगावर राहणाऱ्या मलमात रानझेंडूचे तेल शेकडा 0.01 पेक्षा जास्त नको, आणि उन्हापासून बचावाच्या मलमात मुळीच नको. म्हणजे 100 ग्रॅम मलमात एक थेंबसुद्धा जास्तच झाला! मग दिवसभर उन्हात कापूस वेचणाऱ्या बाईने, किंवा लेकराच्या अंगाला, हे तेल चोळावे काय? मुळीच नाही. पोटात घेऊ नये, डोळ्यांजवळ नेऊ नये.

गंमत अशी की, हेच द्रव्य झेंडूच्या मुळांतही असते आणि जमिनीतल्या सूत्रकृमींना मारते. म्हणून वांगी-टोमॅटो लावण्याआधी त्या जागी झेंडूचे पीक घ्यावे. शिक्षक मित्रहो, शाळेच्या बागेत दोन वाफे करून मुलांना हा फरक दाखवा.

उरलेली फुले खताच्या खड्ड्यात घाला. भट्टीच्या खर्चापेक्षा तो सौदा बरा.