आजीला कळलं का?

बदलाचा मेसेज बनवताना आपण आधी पोस्टर, रील, हॅशटॅग ठरवतो. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे महानुभाव आधी ऐकणारा माणूस बघायचे. चक्रधरस्वामींनंतर नागदेवाचार्य पंथ सांभाळत होते. संस्कृत पंडित केशोबासांना त्यांनी संस्कृतात लिहिण्यापासून अडवलं. का? पंथातल्या म्हाताऱ्या बायकांना ते कळलं नसतं! म्हाइंभटांनीही माणसं गाठून, विचारून आठवणी जमवल्या आणि १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र लिहिलं, साध्या मराठीत.

भाषा निवडली की कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार, तेही ठरतं. म्हणून पुढची पोस्ट टाकण्याआधी आजीला वाचून दाखवा. ‘नॅरेटिव्ह’ म्हणजे काय, असं तिनं विचारलं तर आजीला समजावत बसू नका, शब्द बदला.