अंगणातला घास आणि पाखरांचे वर्तन : कावेरीकाठच्या खेड्यांतील पक्षिनिरीक्षण

घराजवळ नियमितपणे अन्न ठेवून त्यावर येणाऱ्या रानपाखरांचे वर्तन पाहण्याची पद्धत युरोप-अमेरिकेत रुजली असली, आणि त्यासाठी टांगत्या नळ्या व जाळीच्या पेट्या तेथील बाजारात मिळत असल्या, तरी तंजावरच्या आसपासच्या कावेरीकाठच्या खेड्यांत तेच काम घराच्या रचनेने आणि घरातील बायकांच्या नित्यक्रमाने होत आले आहे. पहाटे दारासमोर तांदळाच्या पिठीची रांगोळी, म्हणजे कोलम, काढली जाते आणि तिची पिठी मुंग्यांच्या व चिमण्यांच्या कामी येते; जेवणापूर्वी शिजलेल्या भाताचा पहिला घास कावळ्यासाठी बाहेर ठेवला जातो; काही घरांत साळीच्या लोंब्यांची जुडी वाशाला टांगलेली असते; आणि जुन्या घरांच्या मधोमध असलेला मुट्रम, म्हणजे वरून उघडा असलेला चौक, पाखरांना येण्या-जाण्याची वाट मोकळी ठेवतो. अशा सर्व जागांना या व्याख्यानात ‘खाद्यस्थान’ अशी एकच संज्ञा वापरली आहे, आणि खाद्यस्थानावर जे दिसते ते, त्याविषयी जे मानले जाते त्यापासून वेगळे ठेवले तरच पाखराचे वर्तन कळू लागते, हा या व्याख्यानाचा प्रतिपाद्य विषय आहे.

निरीक्षणाची पहिली अट ऋतूचे भान ही होय. मेट्टूर धरणाचे दरवाजे प्रथेप्रमाणे १२ जूनला उघडले जातात, ते पाणी करिकाल चोळाच्या नावाशी जोडल्या गेलेल्या कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी निरनिराळ्या फाट्यांत वाटले जाते, आणि त्यावर आधी कुरुवै हे कमी मुदतीचे व नंतर सांबा हे दीर्घ मुदतीचे भातपीक उभे राहते. सांब्याची कापणी पोंगलच्या सुमारास सुरू झाली की खळ्यांवर आणि कापलेल्या खाचरांत दाणा मुबलक पडतो, त्यामुळे दाणे टिपणारी पाखरे तिकडे वळतात. म्हणून अंगणात चिमण्या कमी दिसल्या, एवढ्यावरून गावात चिमण्या कमी झाल्या असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

दुसरी अट अशी की कोण आले हे पाखरू डोळ्यांसमोर नसतानाही ओळखता यावे. चिमणी साळीचा दाणा चोचीत आडवा धरून जिभेने फिरवते, तूस खाली पडते आणि आतला तांदूळ तेवढा गिळला जातो. होला मात्र दाणा अख्खा गिळतो, आणि त्याच्या पोटातील पेषणी, म्हणजे दाणे भरडणारा स्नायुमय भाग, गिळलेल्या खड्यांच्या मदतीने जात्याचे काम करतो. लोंब्यांच्या जुडीखाली तुसाचा सडा पडला असेल तर ते काम होल्याचे नव्हे, एवढे सकाळी झाडू मारणाऱ्यालाही सांगता येते. सातभाई या पाखराला मराठीने त्याच्या टोळीवरून नाव दिले, तर दक्षिणेत आढळणाऱ्या त्याच्या पिवळ्या चोचीच्या जातीला तमिळमध्ये तविट्टुक्कुरुवी, म्हणजे कोंड्याची चिमणी, म्हणतात, आणि ते नाव त्याच्या मळकट पिंगट रंगाशी जुळते. एका भाषेने वर्तन टिपले आणि दुसरीने रूप. निरीक्षकाच्या वहीत मात्र दोन्हींना जागा हवी.

चिमण्यांचे वर्तन मोजण्यास सर्वांत सोपे आहे. चिमणी दाणा टिपते, मान वर करून पाहते, पुन्हा टिपते; मान वर करण्याच्या या क्रियेला सतर्कता म्हणतात, आणि ठरावीक वेळात ती किती वेळा घडते हे मोजून थव्याचा अभ्यास करता येतो. थवा वाढला की प्रत्येकीच्या वाट्याची टेहळणी कमी होते, कारण शिक्रा किंवा मांजर कोणा एकीला दिसले तरी सगळ्या उडतात. पण गर्दीबरोबर भांडणेही वाढतात. थव्यातील काही पाखरे दाणा शोधतात आणि काही त्यांच्या शोधावर आयती येऊन बसतात, या आयत्या बिळावरच्या नागोबांचा विचार बर्नार्ड आणि सिब्ली या शास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये बंदिस्त थव्यातील चिमण्यांवरूनच मांडला. पुढे १९८६ मध्ये मार्क एल्गार यांनी दाखवले की अन्न सापडलेली चिमणी इतरांना बोलावते की नाही, हे त्या अन्नाची वाटणी होऊ शकते की नाही यावर अवलंबून असते : पावाचा चुरा ठेवला तर ती अधिक साद घालते, आणि तेवढाच पाव एका तुकड्यात ठेवला तर कमी. चुऱ्यावर चार जणी आल्या तरी पोट भरते आणि टेहळणीला डोळे वाढतात. एका तुकड्यावर मात्र आलेली प्रत्येक पाहुणी ही वाटेकरीण ठरते.

हाच प्रश्न कावळ्याला लावला की विषय अधिक रोचक होतो. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तमिळ घरांतील स्त्रिया हळदीच्या पानांवर पिवळ्या, तांबड्या आणि पांढऱ्या भाताचे छोटे गोळे मांडून ते पाखरांसाठी उघड्यावर ठेवतात. या विधीला कणु म्हणतात, आणि कावळ्यांप्रमाणे आपले भाऊ व माहेर एकत्र नांदावे अशी त्यामागची भावना आहे, जी मराठी वाचकाला भाऊबिजेची आठवण करून देईल. कावळा अन्न न लपवता आप्तांना हाक मारून खातो, असे निरीक्षण तिरुक्कुरळच्या ५२७व्या द्विपदीत आले आहे, आणि अंगणात ते खरेही ठरते. पण त्याच अंगणात थोडा वेळ थांबले तर करड्या मानेचा गावकावळा गळ्यात घास भरून उडतो आणि तो कौलाच्या फटीत किंवा माडाच्या झावळीच्या बुंध्याशी खुपसून ठेवतो, हेही दिसते. म्हणजे हाक मारणे आणि लपवणे ही दोन्ही वर्तने एकाच पक्ष्याची आहेत. पहिल्याला उदारता आणि दुसऱ्याला कृपणता म्हटले की दोन्हींचा अभ्यास थांबतो, आणि कोणत्या परिस्थितीत कोणते घडते असे विचारले की तो सुरू होतो.

महाराष्ट्रात पिंडाला कावळा शिवला नाही तर मृताची इच्छा राहिली असे मानतात, आणि १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य असलेल्या तंजावरात आजही घरी मराठी बोलणारी जी कुटुंबे आहेत त्यांनाही काकबळी परका नाही. श्रद्धेचा मान राखूनही असे म्हणता येते की कावळ्याची जात नवख्या वस्तूंबाबत आणि दाटीवाटीने उभ्या असलेल्या माणसांबाबत अतिशय साशंक असते. रोज एकाच वेळी, एकाच हाताने घास ठेवला जातो तेथे तो निःशंक उतरतो, आणि घाटावर अनोळखी गर्दीत ताटकळतो, यात त्याच्या स्वभावाचे पुरेसे स्पष्टीकरण आहे.

अन्न ठेवण्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. चिमणी स्वतः धान्य खात असली तरी पहिल्या दिवसांत पिलांना ती किडे-अळ्या भरवते, त्यामुळे अंगणात तांदूळ कितीही पडला आणि परसात कीटकनाशकामुळे अळी उरली नाही, तर पिले जगत नाहीत. कौले आणि वासे जाऊन सपाट स्लॅब आला की घरट्याची फटही जाते. शिवाय एकाच जागी दाटी झाली की रोग पसरतो : ब्रिटनमध्ये २००५-०६ पासून ग्रीनफिंच या बागेतील पक्ष्याची संख्या ट्रायकोमोनास या परजीवीच्या रोगाने झपाट्याने घटली, आणि बागेतील खाद्यस्थाने हे त्याच्या प्रसाराचे एक साधन ठरले. म्हणून आंबलेला किंवा मिठाचा भात ठेवू नये, जागा रोज धुवावी, आणि उन्हाळ्यात अन्नाइतकेच स्वच्छ पाणी ठेवावे.

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाला ज्यांनी वैभव आणले त्या दुसऱ्या सरफोजी महाराजांनी, १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत, चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रे काढवून घेतली. त्या चित्रांत पिसांचा रंग, चोचीचा आकार आणि पायांची ठेवण मिळते. पाखरू कोणाला भ्याले, कोणाच्या आधी खाऊ लागले, हे चित्रात मावत नाही, आणि तेच काम आता अंगणात बसणाऱ्याचे आहे. तमिळनाडूत २०१५ पासून पोंगलच्या दिवसांत पक्षिगणना होते, आणि तीत किमान पंधरा मिनिटे एका ठिकाणी थांबून दिसलेल्या पाखरांची यादी करायची असते. कणुचे गोळे पानावर असतात तेव्हाच ही पंधरा मिनिटे काढणे प्रत्येक घराला शक्य आहे.

पुढचे पाऊल कोणत्याही साधनावाचून टाकता येईल. मापलेला तेवढाच भात एक दिवस एका गोळ्यात ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी मोकळा करून पसरावा. पहिला घास उचलण्यापूर्वी कावळा किती वेळा ओरडला, किती कावळे आले आणि किती घास खाल्ले न जाता नेले गेले, हे तारीख-वेळेसह वहीत उतरावे. आणि ज्या दिवशी कोणीच आले नाही, त्या दिवशीही पान कोरे न ठेवता शून्य लिहावे.