कापडाचा हत्ती
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला विषय दिला आहे ‘मुलांची खेळणी’. त्यातले मी एकच उचलते, कापूस भरून केलेले कापडी प्राणी. आपण कापसाच्या मुलखातल्या; गादी-उशीतून उरलेला कापूस आणि जुन्या लुगड्याचा तुकडा मिळाला की घरात बाहुली होतेच. तान्ह्या पोळ्याचा बैल लाकडाचा. तो ओढावा, मिरवावा. कुशीत घेऊन काही झोपता येत नाही.

जर्मनीत गिंगेन नावाच्या गावी १८४७ साली मार्गारेट श्टाइफ या बाई जन्मल्या. दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला, पाय गेले, उजवा हातही अधू राहिला. तरी शिवण शिकल्या. यंत्र उलटे फिरवून घेऊन डाव्या हाताने चाक फिरवीत. १८८० च्या सुमारास एका मासिकातला नमुना पाहून त्यांनी नमद्याचे छोटे हत्ती केले, ते सुया टोचून ठेवण्यासाठी! पण घरोघरच्या पोरांनी ते पळवले, आणि तिथून खेळण्यांचा कारखाना उभा राहिला. पुढे त्यांच्या पुतण्याने अस्वल काढले. १९०३ साली लाइप्झिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने एकदम ३,००० ची मागणी नोंदवली. तिकडे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९०२ साली शिकारीत बांधलेल्या अस्वलावर गोळी झाडायचे नाकारले, त्यावर व्यंगचित्र निघाले, आणि अस्वलाला त्यांचेच लाडके नाव ‘टेडी’ चिकटले.

या कारखान्याच्या प्राण्यांच्या कानात १९०४ पासून धातूचे बटण असते. संग्राहक आधी तेच पाहतात. १९९४ साली लंडनच्या लिलावात असे एक जुने अस्वल १,१०,००० पौंडांना गेले. हौसेला मोल नाही म्हणतात, ते खरेच!

आपल्या घरचा प्रश्न निराळा. पोराचा हत्ती मळतो, वास येतो, आणि आई तो गुपचूप फेकून देते. मग रात्रभर ‘माय, माहा हत्ती कुठी हाय?’ विनिकॉट या इंग्रज बालवैद्यांनी १९५१ साली मांडले, की आई दूर असताना मूल अशा वस्तूच्या आधारे धीर धरते. तिचा ओळखीचा वास गेला तरी त्याला ती परकी वाटते. म्हणून ती धुऊही नये, असा त्यांचा रोख. आपल्या धुळीत आणि घामात हे मला पटत नाही. धुवावी, पण मुलाच्या देखत, त्याला सांगून. फेकू मात्र नये.

धुताना पोटाची शिवण थोडी उसवून कापूस काढावा, नाहीतर त्याचे गोळे होतात. खोळ धुवावी, कापूस उन्हात घालून हाताने पिंजावा, पुन्हा भरावा. तान्ह्या मुलासाठी डोळे बटणांचे नकोत, दोऱ्यानेच काढावेत. बटण सुटले की तोंडात जाते.

हत्तीचा कागदी नमुना मी कापून आणला आहे. सभा संपल्यावर हवा त्यांनी उतरवून घ्यावा; कात्री मात्र आपापली.